घरखर्चाची वही : घरून काम, पण कोणत्या शहरातून?



आपल्या वस्त्यांतून एक नवा कामगार तयार झाला आहे. तो पाळीच्या भोंग्याला धावत नाही, सकाळच्या लोकलला लोंबकळत नाही. घरातच एका कोपऱ्यात लॅपटॉप उघडून, कानाला हेडफोन लावून बसतो. कंपनी बंगळुरूची, गिऱ्हाईक परदेशातलं आणि काम करणारी मुलगी मात्र नागपूरच्या इंदोऱ्यात, नाहीतर उल्हासनगरच्या खोलीत. मार्च २०२० मध्ये करोनाची टाळेबंदी झाली तेव्हा ही पद्धत एकदम पसरली. पुढे अनेक कंपन्यांनी माणसं कचेरीत परत बोलावली. तरी ग्राहकांच्या तक्रारी ऐकणं, माहिती भरणं, हिशेब ठेवणं, संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणं ही कामं आजही काही ठिकाणी पूर्ण, काही ठिकाणी अर्धी घरून चालतात.

अशा घरात एक प्रश्न हमखास निघतो. आई म्हणते, "तिथं भाडं भरण्यापेक्षा घरी ये की बाबा. काम तर तेच आहे." वडील मनात आकडेमोड करतात, की पुण्याची खोली सुटली तर महिन्याला दहा हजार तरी वाचतील. पोराचं मन दोन्हीकडे. आपल्या पुष्कळ घरांत असा पगार पहिल्यांदाच आलेला असतो. निर्णय चुकला तर सावरायला मागे शेत नाही, दुकान नाही, बँकेत ठेव नाही. म्हणून हा हिशेब तोंडी न करता वहीत मांडायला हवा. आणि मांडताना प्रत्येक ओळीपुढे एक साधा प्रश्न विचारायला हवा : हे स्वस्त पडतं, ते कुणाच्या जिवावर?

शहराशहरात फरक किती?

शहर बदललं की खर्च बदलतो, हे सरकारलाही मान्य आहे. केंद्र सरकारच्या नोकरांना घरभाडे भत्ता शहर पाहून मिळतो. त्यासाठी शहरांचे तीन वर्ग केले आहेत. 'एक्स' वर्गात देशातली आठ मोठी शहरं आहेत : मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद आणि अहमदाबाद. 'वाय' वर्गात आपल्याकडची नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, सोलापूर, कोल्हापूर, नांदेड वगैरे शहरं येतात. बाकी सगळी गावं 'झेड' वर्गात. जानेवारी २०२४ पासून हा भत्ता मूळ पगाराच्या अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के झाला. म्हणजे २५,००० रुपये मूळ पगार असलेल्याला मुंबईत ७,५००, नागपुरात ५,००० आणि तालुक्याच्या गावी २,५०० रुपये. रेल्वेत आणि टपाल खात्यात असलेल्या आपल्या बांधवांना हे तोंडपाठ आहे. यातली एक गोष्ट ध्यानात ठेवा : पुणे आता मुंबईच्याच रांगेत बसलेलं आहे.

खासगी कंपनीला असं बंधन नाही. काही कंपन्या माणूस कोणत्या गावात बसून काम करतो ते पाहून पगार ठरवतात. "घरी जातो" म्हटल्यावर पगार तोच राहणार का, हे आधी विचारून घ्यावं.

दुसरा एक सरकारी आकडा आपल्या कानावर येतो, तो महागाई निर्देशांकाचा. औद्योगिक कामगारांसाठीचा निर्देशांक लेबर ब्युरो काढतो. २०१६ साल १०० धरून त्याची नवी मालिका सप्टेंबर २०२० पासून सुरू झाली. मुंबई, पुणे, नागपूर अशा केंद्रांचे आकडे त्यात वेगवेगळे येतात. पण नागपूरचा आकडा मुंबईपेक्षा मोठा दिसला म्हणून नागपूर महाग, असं समजू नका. प्रत्येक केंद्राने आपापलं २०१६ साल १०० धरलेलं आहे. त्याच शहरात तेव्हापासून भाव किती चढले, एवढंच तो आकडा सांगतो. एका पोराची उंची वर्षात चार बोटं वाढली आणि दुसऱ्याची दोन, एवढ्यावरून दोघांत उंच कोण ते कळत नाही. तसंच हे आहे.

तेव्हा आपला हिशेब आपणच करायचा. तो वाटतो तितका अवघड नाही. तांदूळ, डाळ, तेल, साबण, गॅसची टाकी यांच्या भावात शहराशहरात फार मोठा फरक नसतो. मोबाइलचा रिचार्ज तर जवळपास सगळीकडे सारखाच. खरा फरक पडतो तो पाच ठिकाणी : राहायची जागा, तिचं डिपॉझिट, जाणं-येणं, विकतचं जेवण आणि पाणी-वीज. वहीत हीच पाच खाती आधी उघडा.

एकेक शहर पाहू

मुंबईत पैसा जातो जागेत. ज्याला रोज कचेरीत जायचं नाही त्याला कल्याण, बदलापूर, विरार, पनवेल इतकं दूर राहता येतं आणि लोकलमध्ये जाणारे रोजचे तीन-चार तास वाचतात, हा मोठा लाभ. पण दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं असतील तर काम कुठे बसून करणार? अमेरिकेच्या कंपनीचं काम असेल तर न्यूयॉर्कला सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ. पाळी संपते रात्री अडीच-साडेतीनला. त्याच खोलीत सफाई खात्यात काम करणाऱ्या वडिलांना पहाटे पाचला उठायचं असतं. दिवा कुणी मालवायचा आणि झोप कुणी सोडायची? मुंबईची जमेची बाजूही मोठी आहे. केईएम, सायन, नायर अशी महापालिकेची मोठी रुग्णालयं आहेत. आणि एक नोकरी गेली तर दुसरी शोधायला गाव सोडावं लागत नाही.

पुण्यात एकटा मुलगा बहुधा कॉट बेसिसवर राहतो. भाडं खोलीचं नव्हे, खाटेचं. जेवण मेसमध्ये किंवा डब्यावर. जून २०२५ मध्ये पीएमपीचं भाडं वाढलं आणि महिन्याचा पास ९०० वरून १,५०० रुपयांवर गेला. कंपनी आठवड्यातून दोनच दिवस बोलावत असेल तर पास काढायचा की रोजचं तिकीट, याचाही हिशेब करावा. पुण्याचा फायदा पैशात दिसत नाही. चार खाटांच्या खोलीत चार कंपन्यांची मुलं असतात. कुठे भरती आहे, कोणता कोर्स करावा, मुलाखतीत काय विचारतात, हे तिथे चहा पिता पिता कळतं.

बंगळुरूला पगार बरा दिसतो, पण घर घेताना घरमालक डिपॉझिट म्हणून पाच-पाच, दहा-दहा महिन्यांचं भाडं मागायचे, ती रीत अजून पुरती गेलेली नाही. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा तयार केला. त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं धरलं आहे. पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय त्याचा जोर चालत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळुरूच्या कित्येक भागांत बोअरवेल आटल्या आणि टँकरसाठी लोकांना मोठे पैसे मोजावे लागले. मुलींसाठी एक सोय सांगायला हवी. कर्नाटकात जून २०२३ पासून आणि तेलंगणात डिसेंबर २०२३ पासून सरकारी साध्या बसमधून बायकांना फुकट प्रवास सुरू झाला. पण त्यासाठी त्या राज्याच्या रहिवासाचा पुरावा लागतो. आपल्याकडे मार्च २०२३ पासून एस. टी.त बायकांना अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाली.

नागपूरला पुष्कळांचं स्वतःचं घर असतं, ही मोठी गोष्ट. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आहेत. पण नागपूरचा उन्हाळा हिशेबात धरा. पारा पंचेचाळीसवर जातो तेव्हा कुलरशिवाय दुपारी बसता येत नाही, आणि कुलरला वीजही लागते आणि पाणीही. शिवाय कंपनीने मुंबईला बोलावलं तर रेल्वेने ८३७ किलोमीटर जायचं. वर्षातून दोनदा बोलावलं तर काही वाटत नाही. दर महिन्याला बोलावलं तर तिकीट आणि दोन रात्रींचं राहणं मिळून खोलीचं भाडं वाचल्याचा निम्मा आनंद तिथेच संपतो.

नाशिक आणि छत्रपती संभाजीनगर इथे जागा पुण्यापेक्षा स्वस्त मिळते. पण घर पाहायला जाल तेव्हा मालकाला नव्हे, शेजारच्या बाईला विचारा, नळाला पाणी किती दिवसांआड येतं. संभाजीनगरच्या अनेक वसाहतींनी वर्षानुवर्षं रोजचं पाणी पाहिलेलं नाही. जिथे टँकर लागतो तिथे कमी भाड्याचा अर्थ उरत नाही.

आणि शेवटी आपलं खेडं. तिथे भाडं नाही, हवा मोकळी. पण रोज आठ तास इंटरनेट टिकतं का, वीज दुपारी किती वेळा जाते, हे महिनाभर राहून पाहिल्याशिवाय खोली सोडू नये. बाबासाहेबांनी आपल्याला खेडं सोडून शहराची वाट धरायला सांगितलं. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना खेड्याबद्दलचं आपलं मत त्यांनी स्पष्ट मांडलं. त्यांनी सांगितलेलं कारण भाड्याचं नव्हतं, माणूस म्हणून मोकळेपणी जगण्याचं होतं. आज लॅपटॉप घेऊन गावी परतणाऱ्या मुलाने तोच प्रश्न स्वतःला विचारावा : या गावात मला आणि माझ्या मुलांना मान वर करून राहता येईल का? उत्तर हो असेल तर खुशाल जावं. अशी गावंही आता आहेत.

विजेचं छोटं गणित

घरून काम म्हणजे कचेरीचं वीजबिल आपण भरणं. लॅपटॉप साधारण ६० वॉटचा, पंखा ७५ वॉटचा, ट्यूबलाइट २० वॉटची. रोज नऊ तास आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर सुमारे ३५ युनिट होतात. उन्हाळ्यात २०० वॉटचा कुलर लावला की आणखी ४५. म्हणजे महिन्याला ८० युनिट वाढले. आता महावितरणचे दर टप्प्यांनी चढतात. पहिल्या १०० युनिटांचा दर कमी, त्यापुढच्या युनिटांचा बराच जास्त. ज्या घरात आधी ९० युनिट लागत होते ते घर १७० वर जातं आणि वाढलेल्यापैकी ७० युनिट महागाच्या टप्प्यात पडतात. बिल आलं की घरात कुरबुर सुरू होते. ती होण्याआधीच हा आकडा सांगून ठेवावा.

वहीतली दोन पानं

आता खऱ्या प्रश्नाकडे येऊ. समजा, एका मुलाचा हातात येणारा पगार २८,००० रुपये आहे. तो पुण्यात राहून कचेरीत जातो. पुढचे आकडे मांडणीपुरते आहेत, तुम्ही तुमचे घाला.

पुण्याचं पान : कॉटचं भाडं ६,०००. मेस ३,५००. बसचा पास १,५००. रिचार्ज ७००. चहा-नाश्ता आणि किरकोळ १,५००. कपडे-औषधं १,५००. घरी जाण्या-येण्यासाठी बाजूला १,५००. एकूण १६,२००. शिल्लक ११,८००.

आता तो नागपूरला आई-वडिलांकडे येऊन घरून काम करू लागला. घरात ज्या पद्धतीने हिशेब होतो तो असा : इंटरनेट ७००. जादा वीज ८००. पेट्रोल ५००. किरकोळ १,५००. कपडे-औषधं १,५००. एकूण ५,०००. शिल्लक २३,०००. सगळे खूष! महिन्याला ११,२०० रुपये जास्त उरले. लगेच मोटरसायकलचा हप्ता सुरू होतो.

पण हे पान अपुरं आहे. पुण्यात मेसवाल्याला ३,५०० देत होतो, ते जेवण आता कोण करतं? आई. खाटेचे पैसे देत होतो, ती खाट आता कुणाच्या जागेत पडली? धाकट्या बहिणीच्या अभ्यासाच्या कोपऱ्यात. कपडे कोण धुतं, दुपारी तीन वाजता चहा कोण ठेवतं, फोन चालू असताना टीव्ही बंद करून गुपचूप कोण बसतं? यातलं एकही फुकट नाही. आपण त्याची किंमत लिहिली नाही, इतकंच.

मग लिहून पाहू. जेवण ३,५००. नागपूरच्या दराने खाट ३,०००. कपडे-झाडलोट ५००. हे झाले घरच्यांचे ७,०००. कचेरीत टेबल-खुर्ची, वीज गेल्यावरचा बॅकअप, बिघडलेली यंत्रं दुरुस्त करणं सगळं कंपनी करत होती. घरी त्यासाठी महिन्याला १,००० बाजूला टाका. कंपनीने बोलावलं तर जाण्यासाठी आणखी १,०००. हे ९,००० आधीच्या ५,००० मध्ये मिळवले की खर्च झाला १४,००० आणि शिल्लक राहिली १४,०००.

दोन पानं शेजारी ठेवून पाहा. खरा फायदा ११,२०० नव्हता, २,२०० होता. बाकीचे ९,००० रुपये स्वस्ताईतून आलेले नव्हते. त्यातले सात हजार तर सरळ आईच्या हातातून आणि बहिणीच्या जागेतून आले होते.

मुलगी घरी बसून काम करते तेव्हा

मुलाच्या बाबतीत आई राबते. मुलगी किंवा सून घरून काम करत असेल तर ती स्वतःच दोनदा राबते. सरकारने २०२४ मध्ये लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटांचा वेळ जातो, तेच काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटांचा. म्हणजे बाईचे पावणेपाच तासांच्या वर, पुरुषाचा दीड तासही नाही.

कचेरीत जाणारी सून दाराबाहेर पडली की निदान आठ तास कचेरीची असते. घरून काम करणारी सून घरच्यांच्या डोळ्यांना घरीच असते. मग पाहुणे आले की तिला हाक, गॅसवाला आला की तिला हाक, मुलाची शाळा सुटली की तीच. ग्राहकाशी बोलता बोलता ती एका हाताने कुकरची शिट्टी मोजते. महिन्याअखेर कंपनी म्हणते काम कमी झालं, आणि घर म्हणतं स्वयंपाकाकडे लक्ष नाही. अशा वेळी पोरी नोकरी सोडतात. लोक म्हणतात, "तिला जमलं नाही." जमलं नाही ते तिला नव्हे, घराला.

ज्या समाजात शिकलेल्या मुलीचा पगार घरी यायला इतक्या पिढ्या लागल्या, त्याने तो कुकरच्या शिट्टीपायी घालवू नये. तिचे कामाचे तास कागदावर लिहून भिंतीला लावा. त्या तासांत ती घरात नाही असं समजा. भाजी निवडणं, मुलाला आणणं ही कामं नवऱ्याने, सासऱ्याने, दिराने वाटून घ्यावीत. पंचशील रोज म्हणणाऱ्या घरात दुसऱ्याने न दिलेले कष्ट उचलून घ्यायचे नसतात, एवढं तरी समजायला हवं.

आपल्या वहीतली जादा ओळ

खोली शोधताना आपल्याला एक खर्च येतो जो इतरांच्या वहीत नसतो. आडनाव विचारलं जातं, फोटो पाहिले जातात, "तुम्ही लोक कुठले" असं विचारलं जातं आणि मग सकाळपर्यंत रिकामी असलेली खोली संध्याकाळी गेलेली असते. १९१७ मध्ये बडोद्याला परदेशी पदव्या घेऊन आलेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं, हे आपल्या घराघरात माहीत आहे. त्या गोष्टीला शंभरावर वर्षं लोटली. प्रा. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांविषयी केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. घर मागणाऱ्यांत दलित आणि मुसलमानांना नकार किंवा जाचक अटी जास्त मिळतात, हे त्यात दिसून आलं.

याचा पैशाशी संबंध आहे. ज्याला दहापैकी चारच घरं उघडी, तो भावात घासाघीस करू शकत नाही. त्याला जास्त भाडं द्यावं लागतं किंवा लांब राहावं लागतं. म्हणून शहर निवडताना नुसतं सरासरी भाडं विचारू नका. आपल्या माणसांना तिथे घर कोणत्या भागात, कोणत्या अटीवर मिळालं, हे विचारा. तिथे आधी गेलेल्या मुलांनी मागून येणाऱ्याला पहिले पंधरा दिवस आपल्या खोलीत जागा दिली, तर त्याच्यावर घाईत मिळेल ती खोली घेण्याची पाळी येत नाही. हे फार मोठं काम आहे.

आणि करार नोंदवून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे घरभाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. अकरा महिन्यांचा असला तरीही. नोंदलेला करार नसेल तर अटींबद्दल वाद झाल्यावर, उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. डिपॉझिट रोख देऊ नका, बँकेतून द्या. घरी परतण्याचा विचार असेल तर कराराची मुदत आणि नोटिशीचे दिवस आधी वाचा, नाहीतर डिपॉझिटातून दोन महिन्यांचं भाडं कापलं जातं.

नोकरी पक्की आहे का?

शहर सोडण्याआधी शेवटची चौकशी नोकरीची. टीसीएससारख्या मोठ्या कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून लोकांना आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत बोलावलं. तोंडी "घरून करा" असं सांगणारा साहेब उद्या बदलतो. नेमणुकीच्या पत्रात कामाचं ठिकाण कोणतं लिहिलं आहे, परत बोलावलं तर किती दिवसांची मुदत देणार, हे ई-मेलवर लिहून मागा.

पगारातून प्रॉव्हिडंट फंड कापला जातो का ते पाहा. घरून काम करणाऱ्या बऱ्याच मुलांना कामगार न म्हणता 'कंत्राटी सल्लागार' म्हणतात. म्हणजे फंड नाही, ई. एस. आय. नाही, रजा नाही. ज्यांचा पगार महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि ई. एस. आय. लागू आहे त्यांनी गाव बदलल्यावर आपला दवाखानाही बदलून घ्यावा. नागपूरला सोमवारी पेठेत, नाशिकला सातपूरला, संभाजीनगरला चिकलठाण्यात, पुण्याला बिबवेवाडीत ई. एस. आय. ची रुग्णालयं आहेत. आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील तर नियमाप्रमाणे त्यांचीही नावं नोंदवता येतात.

एक इशारा. "घरबसल्या महिना तीस हजार" अशा जाहिराती मोबाइलवर येतात आणि कामाआधी नोंदणीचे, किटचे, ट्रेनिंगचे पैसे मागतात. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा.

तर मग काय करावं?

घरी परतू नका, असं सांगण्यासाठी हे लिहिलेलं नाही. आई-वडील थकले असतील, कर्ज फेडायचं असेल, घरात दार लावून बसायला एक खोली असेल आणि नोकरी लेखी पक्की असेल, तर जरूर परतावं. शहरातल्या खाटेवर एकट्याने आजारी पडण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं. फक्त खरं पान वाचून परतावं. त्यासाठी चार गोष्टी करा.

एक, खोली सोडण्याआधी एक महिना घरून काम करून पाहा. इंटरनेट, वीज, आवाज, झोप या चारही गोष्टींची रोज नोंद ठेवा.

दोन, मेसला आणि खाटेला जे देत होता, त्यातलं नागपूरच्या दराने होईल ते दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आईच्या नावाच्या खात्यात टाका. घरखर्चाला देता ते वेगळं, हे वेगळं. तिने ते काय करायचं ते तिचं ती ठरवेल.

तीन, धाकट्या भावंडाची अभ्यासाची जागा आपल्या टेबलाने गेली असेल तर तिची दुसरी सोय आधी करा. तुमचा पगार वाढावा म्हणून बहिणीची दहावी पणाला लावायची नाही.

चार, शिकणं थांबवू नका. शहरात जे चहाच्या टपरीवर कळत होतं ते घरी कळत नाही. जुन्या सोबत्यांशी महिन्यातून एकदा तरी बोला आणि वर्षातून एक नवी गोष्ट शिका.

आणि एक काम समाजाचं. आपल्या बहुतेक वस्त्यांत विहार आहे, समाजमंदिर आहे, काही ठिकाणी अभ्यासिकाही आहे. दुपारी ते बरेचदा रिकामं असतं. तिथे चार टेबलं, पंखा, प्लगचे पॉइंट आणि एक इंटरनेटची जोडणी झाली, तर वस्तीतल्या चार मुला-मुलींना दहा बाय दहाच्या खोलीतून आठ तासांची सुटका मिळेल. खर्च त्यांच्याच वर्गणीतून निघेल. स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी आपण अभ्यासिका काढल्या, तसंच हे. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा विषय मांडून पाहा. विशेषतः मुलींसाठी मांडा. "मी कामावर जाते" असं म्हणून त्यांना घराबाहेर पडता येणं, यालाच फार किंमत आहे.

या रविवारी वहीची दोन कोरी पानं घ्या आणि सगळ्या घराने मिळून बसा. आकडे मुलाने लिहावेत, पण कामं कोण करतं ते आईला विचारून लिहावं. पुढच्या आठवड्यात आपण भाडेकरारातली कलमं एकेक करून वाचू. ज्यांच्याकडे जुना करार असेल त्यांनी तो शोधून ठेवावा.